तानपुरा मध्येच का दबतो? टॅबवरच्या टिंगटिंगीचा बंदोबस्त

सांगलीच्या एका गायन शिक्षिकेचा प्रश्न आहे: "अँड्रॉइड टॅबवर तानपुऱ्याचं ॲप लावून मी रियाज करते, शिकवते, छोट्या बैठकीतही तोच टॅब नेते. मध्येच टिंग वाजतं आणि तेवढ्यापुरता तानपुरा दबतो, मग परत वर येतो. बाजूच्या बटणानं आवाज कमी केला तर तानपुराच बंद होतो, टिंग वाजतच राहतं. माझे काही विद्यार्थी अमेरिकेत आहेत, म्हणून व्हॉट्सॲप काढून टाकता येत नाही. काय करू?"

ताई, मी गेली बावीस वर्षं मैफलींचं साउंड करतोय. पूर्वी तंबोरे जुळेपर्यंत हातावर हात धरून बसायचो, आता निम्म्या कार्यक्रमांत गायकाचा टॅब माझ्या मिक्सरला जोडतो. त्यामुळे तुमचं दुखणं मला नवीन नाही. उलट टॅबचं टिंग हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून कसं ऐकू येतं, ते मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा सोसलंय.

आधी दबण्याचं बघू, कारण टिंगपेक्षा तेच जास्त छळतं. तानपुरा दबला की गळा आधार शोधायला लागतो, आणि समोर शिकाऊ पोर असेल तर तेवढ्यात ते श्रुतीभर खाली उतरलेलं असतं. टॅबमध्ये बिघाड काही नाही. दोन ॲपना एकदम वाजायचं असेल तर कोणी मागे सरायचं, याचे अँड्रॉइडमध्ये नियम आहेत. नोटिफिकेशन आलं की चालू असलेल्या आवाजाला "जरा हळू" असं सांगितलं जातं, टिंग वाजतं, मग मूळ आवाज पूर्ववत होतो. गाडीत गाणं लावलंय आणि नकाशाला "डावीकडे वळा" म्हणायचंय, अशा वेळेसाठी ही सोय. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ॲपनं स्वतः आवाज कमी केला नाही तर यंत्रणाच तो कमी करते. फिल्मी गाणं ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. तानपुरा मात्र सलग वाजणारी गोष्ट, त्यात पडलेला खड्डा लपत नाही. कॉल आला तर तर दबण्यावर भागत नाही, तानपुरा थांबतोच. आणि काही ॲप कॉल संपल्यावर आपणहून परत सुरू होत नाहीत, हेही जाताजाता लक्षात ठेवा.

आता बटणाचं. टॅबमध्ये आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात: मीडियाची एक, नोटिफिकेशनची एक, गजराची एक. तानपुरा वाजत असताना बाजूचं बटण फक्त मीडियाची पट्टी हलवतं, म्हणून तुमचा तानपुरा जातो आणि टिंग तसंच राहतं. बटण एकदा दाबा, पडद्यावर पट्टी येईल, तिच्या टोकाला तीन टिंबं किंवा छोटा बाण दिसेल. त्यावर बोट ठेवलं की सगळ्या पट्ट्या उघडतात. नोटिफिकेशनची शून्यावर न्या, मीडियाची आहे तिथेच राहू द्या. टिंग वाजलंच नाही तर तानपुऱ्याला दबायचं कारण उरत नाही. आज रात्री एवढंच केलंत तरी उद्याचा क्लास निभावेल.

पण यावर थांबू नका. आवाज गेला तरी पडद्यावर वरून नोटिफिकेशनची पट्टी पडायची ती पडतेच, ऐन वेळी सूर बदलायला बोट न्यावं आणि नेमकं त्या पट्टीवर पडून भलतंच ॲप उघडावं, हे मी स्टेजवर पाहिलंय. कॉल येणारच. आणि घरातलं कोणीतरी "आवाज का येत नाही" म्हणून आवाजाची पट्टी परत वर नेणारच.

त्यामुळे वाजवतंय कोण ते आधी शोधा. अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशनची हिस्टरी मिळते. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा. सॅमसंगच्या टॅबमध्ये त्यातल्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ती सापडेल. मुळात ती बंद असते, चालू करा, एक दिवस टॅब नेहमीसारखा वापरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता यादी वाचा. मागे एका तबलजींचा टॅब असाच उघडून बसलो होतो. त्यांची खात्री होती की सगळा दोष व्हॉट्सॲपचा. यादीत व्हॉट्सॲप होतंच, पण त्याच्या वर-खाली काय होतं? किराणाचं ॲप विचारतंय, कांदे संपले का. एक गेम सांगतोय, तुमचं सैन्य वाट बघतंय. तो भाच्यानं मे महिन्यात टाकलेला आणि नंतर कोणी उघडलेलाही नाही. बातम्यांचं ॲप तर एकच बातमी दर वेळी नवी म्हणून वाजवत होतं. आणि क्रोमच्या नावाखाली, लाल त्रिकोणासकट, "तुमच्या टॅबमध्ये ५ व्हायरस".

त्या व्हायरसवाल्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्याला घाबरून लोक दुकानात टॅब फॉरमॅट करायला नेतात. बहुतेक वेळा टॅबमध्ये व्हायरस नसतो. कधीतरी पंचांग, निकाल नाहीतर एखादी पाककृती शोधताना एखाद्या साइटनं चौकट दाखवलेली असते आणि ती घालवायला आपण "अलाउ" दाबलेलं असतं. तेव्हापासून ती साइट क्रोमच्या खांद्यावर बसून हाका मारते. त्या नोटिफिकेशनवर टॅप करू नका. क्रोममध्ये वरची तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादीच तिथे मिळेल. एकेक काढा, आणि वरचं मुख्य बटणही बंद करून टाका, म्हणजे पुन्हा कोणी विचारायलाच येणार नाही. टॅबवर वेबसाइटच्या नोटिफिकेशनची खरी गरज असलेला माणूस मला अजून भेटायचाय.

बाकीच्यांसाठी नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा. तिथल्या तिथे ते सायलेंट करायचा किंवा पूर्ण बंद करायचा पर्याय येतो. सायलेंट केलेलं खाली गुपचूप येऊन बसतं, वाजत नाही, वरून पट्टीही पडत नाही. किराणा, गेम, बातम्या यांना मी सायलेंटची दयाही दाखवत नाही, थेट बंद.

पण काही ॲपचं तसं करता येत नाही. बँकेचं ॲप घ्या: पैसे जमा झाल्याचं कळायला हवं, कर्जाची जाहिरात नको. यासाठी अँड्रॉइड ८ पासून एकेका ॲपच्या नोटिफिकेशनचे वर्ग पाडलेले असतात आणि एकेक वर्ग वेगळा बंद करता येतो. एकदा तुम्ही एखादा वर्ग गप्प केलात की ॲपला परस्पर त्याचा आवाज वाढवता येत नाही. नवा वर्ग काढून पुन्हा दारात उभं राहता येतं, आणि काही ॲप ते करतात, पण मग तोही बंद करायचा. सॅमसंगवर इथे एक गंमत आहे. वन यूआय, म्हणजे अँड्रॉइडवर सॅमसंगनं चढवलेला आपला साज, त्याची ६.१ आवृत्ती आल्यापासून हे वर्ग दिसतच नाहीत आणि लोक म्हणतात, अपडेटनं सोय काढून घेतली. काढलेली नाही, लपवली आहे. नोटिफिकेशन्समधल्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपचे वर्ग हाताळू देणारं एक बटण आहे, ते चालू केलं की सगळे परत दिसतात.

तुमचा टॅब अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा असेल तर नव्या ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी तुमची परवानगी मागावी लागते. ॲप उघडल्यावर चौकट येते, तिला सवयीनं "अलाउ" म्हणू नका. जुन्या टॅबला अपडेट मिळालं असेल तर आधीची ॲप मात्र आपली परवानगी राखून बसलेली असतात, त्यांना शोधून काढावं लागतं.

एवढी सफाई झाली की मगच डू नॉट डिस्टर्बकडे या. टॅब मराठीत असेल तर तिथे "व्यत्यय आणू नका" असं दिसेल. बहुतेकजण वरून पडदा खाली ओढतात, ते चिन्ह दाबतात आणि निर्धास्त होतात. मीही व्हायचो. मग एका दिवाळी पहाटेला माझ्याच टॅबवर तानपुरा लावला होता, गायिकेचा टॅब ऐन वेळी चार्ज नव्हता म्हणून. पावणेसहाला कार्यक्रम सुरू झाला, अहिरभैरव, आलाप अजून मध्य सप्तकातच होता, हॉलमध्ये उटण्याचा वास आणि शे-दीडशे माणसं शांत. सहाच्या ठोक्याला माझा रोजचा गजर वाजला. मांडीवरच्या टॅबमधून नाही, दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून. डू नॉट डिस्टर्ब चालू होतं. गजराला त्यात मुळातच सूट असते, कारण रात्री ते लावून झोपणाऱ्यांना सकाळी उठायचं असतं. मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, खाली ओढेपर्यंत दोन आवर्तनं वाजून झाली होती, आणि फेडर खाली ओढला म्हणजे तानपुराही गेलाच. बाईंनी डोळे न उघडता षड्ज धरून ठेवला. नंतर मला काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तर, ते चिन्ह नुसतं टॅप करू नका, दाबून धरा म्हणजे आतली सेटिंग्ज उघडतील. गजर, रिमाइंडर, कॅलेंडर यांना दिलेली सूट काढा. कॉलमध्ये कोणालाच परवानगी नको. "पुन्हा पुन्हा कॉल करणारे" नावाची एक वेगळी सूट असते: पंधरा मिनिटांत त्याच माणसाचा दुसरा कॉल आला तर तो आत सोडला जातो. घरी आई-वडील वयस्कर असतील तर रात्री ही सूट ठेवावी, स्टेजवर नको. मीडियाची सूट मात्र राहू द्या. ती काढलीत तर टॅब तुमची आज्ञा इमानदारीत पाळेल आणि तानपुराच गप्प करेल. "तानपुरा लागतच नाही" म्हणून कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी मला आलेल्या फोनांत हे कारण कितीदा तरी निघालंय. तिथेच नोटिफिकेशन लपवायचा पर्यायही असतो, तो लावला की पट्ट्याही पडत नाहीत.

हे दर वेळी आठवणीनं लावायचं म्हणजे एक दिवस विसरणारच. तुमचा टॅब सॅमसंगचा असेल आणि त्यात मोड्स अँड रूटीन्स असेल तर एक रूटीन बनवा: तानपुऱ्याचं ॲप उघडलं की डू नॉट डिस्टर्ब चालू. ॲप बंद केलं की पूर्ववत. आम्हा साउंडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर साउंडचेकमध्ये एकदा लावलेला नॉब, पुन्हा हात लावायचा नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं हेच सगळ्यात चांगलं उत्तर, पण ते इतकं खाली लिहिलं, कारण आधीची साफसफाई न करता हे लावलं तर रियाज संपल्यावर अडवून ठेवलेली सगळी वरात एकदम दिसते आणि माणूस वैतागून रूटीनच काढून टाकतो.

बैठकीच्या दिवशी मात्र याच्या जोडीला विमान मोड. स्पीकर ब्लूटूथवर असेल तर मोड लावल्यावर ब्लूटूथ तेवढं परत चालू करा, वायफाय नको. तरी टॅबच्या पोटातले आवाज राहतात, त्यांना नेट लागत नाही. बॅटरी कमी झाल्याचा इशारा त्यातलाच. चार्जर लावल्यावर वाजणारा आवाजही. तो साउंडच्या सेटिंग्जमध्ये बंद करता येतो. पण माझं ऐकाल तर कार्यक्रमात चार्जर लावूच नका. टॅब वायरनं मिक्सरला जोडलेला असताना त्याला चार्जर लावला की पुष्कळदा अर्थिंगच्या भानगडीनं पन्नास हर्ट्झची घूं सुरू होते. तिचा सूर खूप खालच्या पांढरी पाचच्या (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) जवळपास पडतो, आणि काळी पाचच्या गायिकेला तो किती खुपेल हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडे डीआय बॉक्स, म्हणजे टॅब आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची छोटी डबी, असतो, त्यावर अर्थ तोडायचं बटण असतं, पण छोट्या बैठकीला कोण आणतं? घरून पूर्ण चार्ज करून न्या.

आता अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचं. तिथे विमान मोड चालणार नाही असं वाटतं, पण चालू शकतो, जर क्लासचा कॉल फोनवर किंवा लॅपटॉपवर घेतलात आणि टॅब फक्त तानपुऱ्याला ठेवलात तर. एकाच टॅबवर कॉल आणि तानपुरा दोन्ही चालवायचा हट्ट धरला की दोन ॲप आवाजासाठी भांडतात आणि नोटिफिकेशन बंद करून ते भांडण मिटत नाही.

आणि एक विचारतो: दबल्याची तक्रार तुमची आहे की विद्यार्थ्यांची? तुमच्या खोलीत तानपुरा नीट वाजतोय आणि तिकडची मुलगी म्हणतेय "ताई, तानपुरा गेला", तर दोष टिंगचा नाहीच. व्हिडिओ कॉलची ॲप पार्श्वभूमीचा सलग आवाज काढून टाकतात, पंख्याचा, एसीचा. त्यांच्या लेखी तुमचा जुळलेला तानपुराही पंखाच. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" नावाचा पर्याय संगीताच्या लोकांसाठीच दिलेला आहे, तो क्लासच्या सुरुवातीला चालू करा. इतर ॲपमध्ये नॉइज कॅन्सलेशन शोधून बंद करायचं. त्याहून बरं म्हणजे विद्यार्थिनीनं तिच्याकडेच तानपुरा लावावा, तुमच्या पट्टीत.

व्हॉट्सॲप काढायचं का? फोनवरचं नाही. टॅबवर ते जोडलेलं उपकरण म्हणून चालत असणार. तसं असेल तर ते मी आजच तोडेन. फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडा, टॅब निवडा, लॉग आउट. तुमचा एकही निरोप बुडत नाही, सगळे फोनवर येतातच. टॅबवर ते ठेवायचंच असेल तर ग्रुप कायमचे म्यूट करा. आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय असतात, पहिल्या दोनांच्या वाटेला जाऊ नका. म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये कोणी तुमचा उल्लेख केला किंवा तुमच्या निरोपाला उत्तर दिलं तर मात्र नोटिफिकेशन येतं. "म्यूट करूनही वाजतं" याचं कारण बरेचदा हेच. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉन्व्हर्सेशन टोन्स म्हणून आणखी एक बारीक आवाज असतो, संवाद उघडा असताना वाजणारा. तोही बंद.

सॅमसंगचा फोन आणि सॅमसंगचा टॅब एकाच खात्यावर असतील तर फोनचे कॉल टॅबवरही वाजू शकतात. कनेक्टेड डिव्हायसेसमध्ये दुसऱ्या उपकरणांवर कॉल आणि मेसेज घेण्याचं बटण असतं, ते बंद करा. सॅमसंगच्या काही टॅबमध्ये सेपरेट ॲप साउंडही मिळतं: एका निवडलेल्या ॲपचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर आणि बाकी सगळे टॅबच्या स्वतःच्या स्पीकरवर. क्लाससाठी छान आहे, स्टेजवर मी त्यावर भरवसा टाकत नाही.

तुमच्या कोणा विद्यार्थ्याकडे आयपॅड असेल तर तिथे फोकस शोधा, तो आयपॅडओएस १५ पासून आहे. "रियाज" नावाचा फोकस बनवून तो तानपुऱ्याचं ॲप उघडलं की आपोआप सुरू होईल असं लावता येतं. सापळा एकच: फोकस सगळ्या उपकरणांवर लागू करायचं बटण चालू असेल तर आयपॅडवर रियाज सुरू केला की खिशातला आयफोनही गप्प बसतो आणि घरचे तासभर फोन करत राहतात. गजर आयपॅडवरही फोकसला जुमानत नाही, तो घड्याळाच्या ॲपमध्ये जाऊन हातानंच बंद करावा लागतो.

टॅबमध्ये सिम असेल तर जाहिरातींचे एसएमएस हे वेगळंच प्रकरण. त्यालाही लोक डीएनडी, म्हणजे डू नॉट डिस्टर्बच, म्हणतात आणि गोंधळ होतो. तो टॅबवरच्या बटणानं बंद होत नाही, १९०९ वर नोंद करावी लागते. सरकारी आपत्तीचा इशारा, ज्याच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या आणि लोक दचकले, तो मात्र बंद करू नका. कृष्णेच्या पुराचं तुम्हाला मी काय सांगणार. बैठकीपुरता विमान मोड आहेच.

एवढं झालं की परीक्षा घ्या. तानपुरा लावा, घरातल्या कोणाला तरी फोनवरून तुम्हाला व्हॉट्सॲप करायला सांगा, लागोपाठ दोनदा कॉल करायला सांगा, दोन मिनिटांनंतरचा गजर लावून ठेवा, चार्जर लावा आणि काढा. तुम्ही डोळे मिटून नुसता षड्ज लावून बसा. तानपुरा कुठे दबलाच, तर डोळे उघडून पडदा बघा, वाजवणाऱ्याचं नाव वरच लिहिलेलं असेल.